कबुतरांचा वंश घडवणारा बादशहा

दिल्लीहून यमुना ओलांडून पूर्वेकडे गेले की हिंडन नदीच्या काठी गाझियाबाद लागते. वजीर गाजीउद्दीन याने १७४० साली वसवलेले हे गाव आरंभी गाजीउद्दीननगर म्हणून ओळखले जाई. पुढे रेल्वे आली, नाव आखूड झाले आणि १९७६ साली मेरठपासून वेगळा होऊन गाझियाबाद हा स्वतंत्र जिल्हा बनला. आज उंच इमारती, कारखाने आणि महामार्ग ही या शहराची ओळख असली, तरी दिल्ली, गाझियाबाद, मेरठ आणि आग्रा या पट्ट्यातील जुन्या वस्त्यांच्या गच्च्यांवर बांबूच्या छत्र्या आणि जाळीची खुराडी अजूनही दिसतात. तेथे कबुतरे पाळली जातात, उडवली जातात आणि त्यांच्या जोड्या विचारपूर्वक लावल्या जातात.

या प्रदेशातील कबुतरबाजीचा सर्वांत तपशीलवार जुना वृत्तांत ज्या माणसाभोवती गुंफला आहे, त्याला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते, असे परंपरेने मानले जाते. तो माणूस म्हणजे मोगल बादशहा जलालुद्दीन महंमद अकबर. त्याच्या काळी गाझियाबाद शहर अस्तित्वात नव्हते. आज या शहराच्या परिसरात मोडणारे लोणी आणि डासना हे महाल मात्र दिल्ली सरकारात होते. त्यांची नोंद अबुल फझलच्या ‘आइन-ए-अकबरी’ या ग्रंथात महसुलाच्या आकड्यांसह आढळते. त्याच ग्रंथात, महसूल आणि सैन्य यांच्याइतक्याच गांभीर्याने, बादशहाच्या कबुतरांचाही हिशेब मांडला आहे.

अकबराच्या लढायांवर, धर्मविषयक धोरणावर आणि राज्यव्यवस्थेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कबुतरे हा त्याच्या चरित्रातील किरकोळ भाग समजला जातो. परंतु ज्या छंदापायी त्याच्या पहिल्या गुरूला पद सोडावे लागले, तोच छंद त्याने प्रौढ वयात अभ्यासाचा विषय केला. त्या अभ्यासाची नोंद सुमारे अडीचशे वर्षांनी एका इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाच्या उपयोगी पडली. ही कथा त्यासाठी जाणून घेण्यासारखी आहे.

पणजोबांचा मृत्यू

कबुतरांची आवड अकबराला वारशानेच मिळाली होती. त्याचे पणजोबा उमर शेख मिर्झा हे मध्य आशियातील फरगाणा प्रांताचे अधिपती होते. अख्सी येथील त्यांचा किल्ला खोल दरीच्या कडेवर उभा होता आणि कबुतरांची ढाबळही त्या कडेलाच होती. जून १४९४ मध्ये कडा कोसळला आणि उमर शेख ढाबळीसह, कबुतरांसह दरीत पडून मरण पावले. त्यांचा मुलगा बाबर तेव्हा अवघ्या अकरा वर्षांचा होता. त्या अपघाताने तो गादीवर आला आणि पुढे १५२६ साली पानिपतावर विजय मिळवून त्याने हिंदुस्थानात मोगल सत्तेचा पाया घातला.

बाबराने हा प्रसंग आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. अकबराच्या आज्ञेवरून अब्दुर रहीम खानखानान याने १५८९ साली त्या आत्मचरित्राचे तुर्कीतून फारसीत भाषांतर केले. अकबर ग्रंथ वाचून घेत असे, त्यामुळे आपल्या घराण्याच्या भाग्याला कलाटणी देणारी ती कोसळलेली ढाबळ त्याच्या परिचयाची असणार, यात शंका नाही.

पहिला धडा आणि पहिला गुरू

अकबराचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधमधील उमरकोट येथे झाला. शेरशहाकडून पराभूत झालेला हुमायून तेव्हा आश्रयाच्या शोधात वणवण करीत होता. पुढच्याच वर्षी हुमायून आणि हमीदाबानू यांना इराणकडे पळ काढावा लागला आणि तान्हा अकबर काकांच्या हाती सापडला. आधी कंदाहार आणि मग काबूल येथे त्याचे बालपण गेले. १५४५ साली हुमायूनने काबूल जिंकल्यावर आई-वडिलांची आणि मुलाची पुन्हा भेट झाली.

मुलाने चार वर्षे, चार महिने आणि चार दिवस पूर्ण केले की विद्यारंभ करावा, अशी त्या घराण्याची रीत होती. हुमायूनला ज्योतिषाची आवड होती. त्याने शुभ मुहूर्त काढला आणि मुल्ला असामुद्दीन इब्राहिम यांची गुरू म्हणून नेमणूक केली. मुहूर्ताची घटका आली, पण शहाजादा जागेवर नव्हता. तो खेळायला निघून गेला होता आणि शोध घेऊनही सापडला नाही.

थोड्याच काळात गुरूही बदलावे लागले. मुल्लाजींना स्वतःलाच कबुतरे उडवण्याचा नाद होता आणि शिष्याला अक्षरांपेक्षा त्याच विद्येची गोडी अधिक लागत होती. त्यांच्या जागी मौलाना बायझीद यांना नेमण्यात आले. पुढेही गुरू बदलले. अकबर घोडेस्वारी, शिकार आणि शस्त्रविद्या शिकला, अक्षरे मात्र त्याच्या हाताला लागली नाहीत. कबुतरबाजी म्हणजे अभ्यास बुडवणारे व्यसन, हे त्या काळच्या सभ्य समाजाचे मत होते. अकबराच्या बाबतीत ते वरवर पाहता खरेही ठरले होते.

सोडलेला छंद

जानेवारी १५५६ मध्ये दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात जिन्यावरून पडून हुमायूनचा अंत झाला. पंजाबातील कलानौर येथे फेब्रुवारीत तेरा वर्षांच्या अकबराला राज्याभिषेक करण्यात आला आणि नोव्हेंबरात पानिपतच्या दुसऱ्या लढाईत हेमूचा पराभव झाला. आरंभीची चार वर्षे कारभार बैरामखानाच्या हाती होता. १५६० साली अकबराने त्याला दूर केले, १५६२ पासून सूत्रे अधिकाधिक आपल्या हाती घेतली आणि पुढील दोन दशकांत माळवा, चितोड, गुजरात, बंगाल असा मुलूख जोडत नेला.

लहानपणी जिवापाड आवडणारी कबुतरे अकबराने समज आल्यावर सोडून दिली होती, अशी नोंद अबुल फझल करतो. काही काळानंतर विचारपूर्वक त्याने ती पुन्हा हाती घेतली. पहिली आवड मुलाची होती, दुसरी राज्यकर्त्याची. मधल्या काळात अकबर बदलला होता. कारखाने, तोफा, हत्ती, घोडे, चित्रशाळा, फळबागा अशा प्रत्येक गोष्टीची प्रत ठरवणे, वर्गवारी लावणे आणि नोंद ठेवणे ही त्याच्या कारभाराची पद्धत बनली होती. कबुतरांनाही आता तोच नियम लागू झाला.

या खेळाला त्याने इश्कबाजी असे नाव दिले होते. कबुतरे हवेत गिरक्या घेताना पाहून त्याला धुंदीत नाचणाऱ्या दर्वेशांची आठवण होई, असे इतिहासकार सांगतो. सामान्य लोकांचा तो वेळ घालवण्याचा खेळ. बादशहाने त्याची विद्या केली, असा अबुल फझलच्या विवेचनाचा आशय आहे.

मोहना आणि तिची प्रजा

अकबराच्या ढाबळीतील सर्वांत नामांकित कबूतर म्हणजे मोहना. निळसर रंगाचे हे तयार कबूतर मूळचे मिर्झा अझीझ कोका याचे होते. अझीझ हा अकबराचा दूधभाऊ. त्याची आई जीजी अनगा हिने अकबराला दूध पाजले होते. खान-ए-आझम ही पदवी मिळालेला हा सरदार महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. १५८६ साली वऱ्हाडात घुसून त्याने एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, लुटले होते. त्याच्याकडील कबूतर बादशहाच्या हाती आले, त्याची विशेष निगा राखली गेली आणि ते शाही कबुतरांचे मुखिया ठरले.

मोहनापासून अश्की, परीजाद, अल्मास आणि शाहऊदी ही कबुतरे निपजली. रडवेला, परीची संतती, हिरा आणि राजेशाही अगरू असे या फारसी नावांचे अर्थ आहेत. त्यांच्याही पुढच्या पिढीतून जी कबुतरे तयार झाली, त्यांनी उमर शेख मिर्झा यांच्या प्रसिद्ध कबुतरांची कीर्ती मागे टाकली, असा दरबारी दावा होता. पणजोबांची ढाबळ येथेही आठवणीत आहे.

या नोंदीचे महत्त्व नावांच्या शोभेत नाही. एका ज्ञात पूर्वजापासून पुढची पिढी आणि तिच्यापासून तिच्यापुढची पिढी, असा वंश लक्षात ठेवला गेला, हे महत्त्वाचे आहे. पूर्वी कोणतेही कबूतर कोणत्याही कबुतराशी जोडी करी. अकबराने मात्र डौल आणि उड्डाणकौशल्य यांत दोघे तुल्यबळ असतील तरच जोडी लावायची, असा नियम घातला. अपरिचित नर-मादीला पाच-सहा दिवस एकत्र ठेवले जाई. त्यानंतर दीर्घ ताटातुटीनंतरही ती एकमेकांना ओळखत.

ही पद्धत अकबरापूर्वी कोणालाच ठाऊक नव्हती, हा सूर दरबारी स्तुतीचा मानावा लागेल. शिराझी, काशानी अशा स्थळांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जाती त्याच्या ढाबळीत होत्या, आणि निवड केल्याखेरीज जाती तयार होत नाहीत. इराण आणि तुराणचे राजे त्याला कबुतरे भेट पाठवत, व्यापारीही उत्तम पक्षी आणत. याचा अर्थ असा, की अनेक देशांतील पाळणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जे घडवले होते, ते अकबराच्या ढाबळीत एकत्र आले. त्याने जोड्या लावण्यामागचा विचार नियमात बांधला आणि अबुल फझलने तो कागदावर उतरवला.

अंड्यापासून आभाळापर्यंत

या वृत्तांतातील निरीक्षणे आजही तपासून पाहता येतात. मादी बहुधा दोन अंडी घालते. दिवसा नर आणि रात्री मादी अंड्यांवर बसते. उबदार हवेत सतरा-अठरा दिवसांत पिले बाहेर येतात, थंडीत एकवीस दिवस लागतात. पहिले सुमारे सहा दिवस आई-बाप पिलांना गळ्याखालच्या पिशवीतील लापशीसारखा पदार्थ भरवतात आणि त्यानंतर अर्धवट पचलेले दाणे देतात. महिनाभराने पिले स्वतः दाणे टिपू लागली, की आई-बाप दूर होतात.

ती लापशी म्हणजे दळलेले धान्यच, असे त्या काळी समजले जाई. प्रत्यक्षात पहिल्या दिवसांत नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपिशवीच्या अस्तरातून स्निग्ध आणि प्रथिनयुक्त स्राव तयार होतो. त्याला कबुतराचे दूध म्हणतात. हा स्राव निर्माण करणाऱ्या संप्रेरकाचा अभ्यास करताना १९३० च्या दशकाच्या आरंभी ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला प्रोलॅक्टिन हे नाव दिले. मानवी मातेच्या दुधामागेही हेच संप्रेरक असते.

रानातील पारव्याचे पिलू उचलून हाताने वाढवणे अवघड का असते, याचे उत्तर येथेच आहे. पिलू जन्मतः आंधळे आणि जवळजवळ उघडे असते आणि पहिल्या आठवड्यात त्याला माणसाच्या स्वयंपाकघरातील काहीही मानवत नाही. म्हणून जाणकार पाळणारे अंडी किंवा पिले दुसऱ्या जोडीच्या स्वाधीन करतात. ही दत्तक देण्याची पद्धत अकबराच्या ढाबळीतही होती.

पिलू मोठे झाले की शिक्षण सुरू होई. जागा ओळखीची होईपर्यंत त्याला कोंडून ठेवत, मग रोजचा दाणा तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्शावर आणत. भुकेची सवय झाली की हळूहळू बाहेर सोडत आणि दिवसाला सुमारे चाळीस भराऱ्या मारायला लावत. पंखातील दहा मोठ्या पिसांपैकी आठ गळली की उड्डाण बंद. दोन महिन्यांच्या विश्रांतीनंतर नवी पिसे आली की कबूतर पुन्हा आकाशात. पूर्ण गिरकीला चर्ख म्हणत, उलट्या कोलांटीला बाजी. अर्धवट राहिलेल्या गिरकीला काही मोल नसे. निवडक शाही कबूतर एका उड्डाणात पंधरा चर्ख आणि सत्तर बाजी करी. पूर्वी एका वेळी अकरा किंवा एकवीस कबुतरे सोडत, अकबराच्या काळात एकशे एक सोडू लागले. रात्रीच्या अंधारातही ती उंच उडत.

दरबारात वीस हजारांहून अधिक कबुतरे होती. त्यांतील पाचशे खाशी समजली जात. छावणी हलली की कहार ढाबळी खांद्यावर घेऊन चालत आणि कबुतरे वर उडत बरोबर येत, मध्येच उतरून विसावा घेत. उडणाऱ्या शंभर कबुतरांना चार शेर दाणा, इतरांना पाच शेर आणि जोडीतल्यांना साडेसात शेर, असे प्रमाण ठरलेले होते. पायदळातील सेवकांना या खात्यात महिना २ रुपयांपासून ४८ रुपयांपर्यंत पगार होता. नामवंत जाणकारांच्या यादीत बुखाऱ्याचा कुल अली, समरकंदचा मस्ती आणि हेरातचा मोमीन यांच्याबरोबरच हिरानंद हे नावही आहे.

रानातले गोला

या सर्व थाटामाटात एक साधा उल्लेख सहज नजरेतून सुटतो. रानटी कबुतरांना गोला म्हणत. त्यांतील काही पकडून ठेवली, की त्यांच्या सोबतीने हजारो येऊन मिळत आणि लवकरच माणसाळत. ती रोज शेतांत चरायला जात. परत आल्यावर त्यांना खारे पाणी पाजले जाई. त्यामुळे शेतात टिपलेले दाणे ती ओकून टाकत आणि ते दाणे गोळा करून दुसऱ्या कबुतरांना घालत.

या युक्तीत व्यवहारचातुर्य आहे, पण तिची दुसरी बाजूही आहे. १५८० साली तोरडमलाच्या देखरेखीखाली जी दहा वर्षांच्या सरासरीवर आधारलेली महसूलपद्धती आली, तिच्यात रयतेच्या पिकाचा साधारण तिसरा हिस्सा सरकारचा ठरला होता. गोला कबुतरांनी शेतातून आणलेला दाणा त्या हिशेबात कोठेच नव्हता. तो शेतकऱ्याच्या पिकातून गेला आणि ढाबळीत जमा झाला, एवढेच. ज्या ग्रंथात प्रत्येक महालाचा महसूल दामापर्यंत नोंदला आहे, त्यात या धान्याचे माप नाही.

पक्ष्यांच्या दृष्टीनेही माणसाळणे आणि वंश घडवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते. गोला माणसाळला तो संगतीने आणि सवयीने. त्याची भीती गेली, तरी तो पूर्वीचाच पारवा राहिला. मोहनाची प्रजा मात्र पिढीगणिक निवडली गेली. पहिल्या प्रकारात पक्ष्याचे वागणे बदलते, दुसऱ्या प्रकारात पक्षी स्वतःच हळूहळू बदलत जातो. मोहनाचा निळसर रंग हा रानपारव्याचाच मूळ रंग आहे, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अस्थिर वृत्तीच्या लोकांना आज्ञेत आणण्यासाठी आणि स्नेह जोडण्यासाठीही बादशहा या खेळाचा उपयोग करी, असे अबुल फझल नमूद करतो. तुराणी, इराणी, राजपूत आणि हिंदुस्थानी मुसलमान अशा परस्परविरोधी सरदारांना एका दरबारात बांधून ठेवणे ही अकबराची खरी कसोटी होती. भूक, ओळखीची जागा आणि परत येण्याची ओढ या गोष्टी ढाबळीत जितक्या उपयोगी, तितक्याच दरबारातही होत्या.

प्रयोग करणारा बादशहा

निरीक्षण आणि प्रयोग यांची अकबराला ओढ होती. त्याने सुमारे हजार चित्ते गोळा केले आणि त्यांची पैदास व्हावी म्हणून पुष्कळ खटपट केली, परंतु कैदेत त्यांची जोडी जमेना. पुढे जहांगीरच्या काळात एका मादीला तीन पिले झाली, तेव्हा ते नवल म्हणून त्याने आपल्या आठवणींत नोंदवले. कबुतरांबाबत अकबराला जे साधले ते चित्त्यांबाबत साधले नाही, कारण सर्वच प्राणी माणसाच्या इच्छेने वंश वाढवत नाहीत.

एका प्रयोगात तर त्याने मर्यादा ओलांडली. भाषा जन्मजात असते की ऐकून येते, हे पाहण्यासाठी त्याने तान्ही मुले एका वास्तूत ठेवली आणि त्यांच्याशी कोणी बोलू नये असा बंदोबस्त केला. १५८२ साली तो तेथे गेला तेव्हा मुलांच्या तोंडून एकही शब्द निघाला नाही. पक्ष्यांच्या ढाबळीत शोभणारी जिज्ञासा माणसाच्या मुलांवर लादली की काय होते, याचे ते उदाहरण ठरले.

१५८५ साली दरबार फत्तेपूर सिक्रीहून पंजाबात, लाहोरला गेला आणि १५९८ साली आग्र्याला परतला. त्यानंतर अकबर दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला. १५९९ मध्ये तो आग्र्याहून कूच करता झाला, १६०० साली चांदबिबीने राखलेला अहमदनगरचा किल्ला पडला आणि १६०१ च्या आरंभी खानदेशातील असीरगड हाती आला. परंतु घरात सलीमने बंड पुकारले होते. दक्षिणेतून परतणाऱ्या अबुल फझलचा ऑगस्ट १६०२ मध्ये सलीमच्याच चिथावणीने खून झाला. ज्याने कबुतरांचा वृत्तांत लिहिला, तो लेखक गेला. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १६०५ मध्ये, आग्रा येथे अकबरानेही जगाचा निरोप घेतला. त्याची समाधी सिकंदरा येथे आहे.

जहांगीरने कबुतरांचा उपयोग निरोपासाठी करून पाहिला. मांडूहून सोडलेली कबुतरे बऱ्हाणपूरला पत्र नेऊन पोहोचवत, असे त्याने लिहिले आहे. मात्र मोहनाच्या वंशाची पुढची हकीकत त्याच्या आठवणींत नाही.

अडीच शतकांनंतर

अकबराच्या मृत्यूनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी चार्ल्स डार्विन यांनी इंग्लंडमधील आपल्या घरी कबुतरे पाळण्यास आरंभ केला. सजीवांच्या जाती बदलतात, हे पटवून देण्यासाठी त्यांना असा पक्षी हवा होता, ज्याच्या निवडीचा इतिहास दूरपर्यंत मागे नेता येईल. लंडनमधील कबूतर पाळणाऱ्यांच्या दोन मंडळांत ते सामील झाले. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात त्यांनी सुमारे १६०० सालच्या अकबराच्या दरबारातील वीस हजार कबुतरांचा आणि तेथील जोड्या लावण्याच्या पद्धतीचा दाखला दिला.

‘आइन-ए-अकबरी’ त्यांनी फ्रान्सिस ग्लॅडविन यांच्या अठराव्या शतकातील इंग्रजी भाषांतरातून वाचली होती. त्यात अकबराने वेगवेगळ्या जातींचा संकर केला, असा अर्थ येतो. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या हेन्री ब्लॉकमन यांच्या भाषांतरात मात्र गुणांनी तुल्य अशा पक्ष्यांची जोडी, असा अर्थ आहे. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. जोडी योगायोगावर सोडलेली नव्हती, ती निवडलेली होती. आणि डार्विन यांच्या युक्तिवादाला तेवढेच पुरेसे होते.

भारतातून डार्विन यांना मदत करणाऱ्यांत वॉल्टर एलियट हे अधिकारी होते. धारवाडकडील दक्षिण मराठा मुलखात त्यांनी नोकरीची पहिली वर्षे काढली होती. १८२४ च्या कित्तूरच्या उठावात ते काही आठवडे कैदेतही होते. त्या मुलखातील सस्तन प्राण्यांची यादी त्यांनी १८३९ साली प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी डार्विन यांना भारतातील कबुतरांचे नमुने पाठवले आणि कबुतरांवरील एका जुन्या ग्रंथाचे भाषांतरही मिळवून दिले.

डार्विन यांनी पांढरी लक्का कबुतरे आणि काळी बार्ब जातीची कबुतरे यांचा संकर केला. पहिल्या पिढीत काळी-तपकिरी ठिपक्यांची पिले झाली. त्यांचा पुन्हा आपसांत संकर केला, तेव्हा एक नातवंड थेट रानपारव्यासारखे निळसर निघाले. त्याच्या पंखांवर दोन काळे पट्टे होते. आजी-आजोबांपैकी कोणाच्याही अंगावर नसलेला रंग रानातल्या पूर्वजाकडून परत आला होता. सर्व पाळीव कबुतरे रानपारव्यापासून निर्माण झाली, हे त्यांचे प्रतिपादन २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कबुतराच्या जनुकीय आराखड्याच्या अभ्यासाने पुष्ट केले. रानटी आणि पाळीव कबुतरांची जोडी सहज जमते आणि त्यांची प्रजा वांझ होत नाही, याचे कारणही हेच. त्या दोघांची जात मुळात एकच आहे.

गच्चीवरची विद्या

गाझियाबाद आणि दिल्लीच्या गच्च्यांवर गोला हा शब्द आजही ऐकू येतो, पण त्याचा अर्थ पालटला आहे. थव्याने उडणाऱ्या आणि मालकाच्या शिट्टीसरशी परतणाऱ्या पाळीव कबुतराला आता गोला म्हणतात, रानातल्याला जंगली. अकबराच्या काळी जो शब्द शेतात चरणाऱ्या रानपक्ष्याचा होता, तो चारशे वर्षांत ढाबळीतल्या पक्ष्याचा झाला. लक्का, लोटन, निसावरी ही नावे मात्र अबुल फझलच्या यादीतून तशीच उतरली आहेत.

ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जाते. कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोडी लावावी, कोणते पिलू ठेवावे, कोणते द्यावे, याचे ज्ञान पाळणाऱ्याच्या स्मरणात असते आणि बहुधा त्याच्याबरोबरच संपते. अकबराच्या ढाबळीचा वृत्तांत टिकला, कारण अक्षरशत्रू बादशहाजवळ अबुल फझलसारखा लिहिणारा होता आणि कबुतरांसारखा विषयही लिहिण्याजोगा आहे असे त्याला वाटले. कबुतरांच्या नादापायी मुल्ला असामुद्दीन यांचे गुरुपद गेले, पण त्यांनी शिष्याला लावलेली गोडी वाया गेली नाही. अक्षरांऐवजी तो पक्षी वाचायला शिकला, आणि त्याने जे वाचले ते इतरांनी लिहून ठेवले.